तीन कोऱ्या कागदांवरच्या सह्या

मंडळी, आत्ताच आपल्या भारतीय दूतावासातून आलोय. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लगेच ग्रुपवर लिहितोय.

इथल्या आमच्या वादी अदाई वस्तीतले एसी मेकॅनिक सुधाकरदादा तीन आठवडे हॉस्पिटलात आहेत. अर्धांगवायू. उजवा हात गेला, वाचा गेली. उपचारासाठी चिपळूणची जागा विकायची आहे, पण ती एकट्या दादांच्या नावावर. म्हणून मुखत्यारपत्रासाठी, गावाहून धावत आलेल्या वहिनींना घेऊन गेलो.

काउंटरवर वहिनींनी पर्समधून तीन कोरे कागद काढले. तिन्हींच्या खाली दादांची सही. गेल्या सुट्टीहून परतताना दादांनी "अडीअडचणीला असू देत" म्हणून देऊन ठेवलेले.

साहेबांनी कागद परत सरकवले. "बहनजी, इस पर कुछ मत लिखिए, फँस जाएँगी. उन्हें मेरे सामने साइन करना होगा."

"ते उठून बसतसुद्धा नाहीत हो," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग अंगठा घ्यायला मीच हॉस्पिटलात येईन, असं साहेब म्हणाले. आता ते कधी येणार आणि तोवर गिऱ्हाईक थांबणार का, कुणास ठाऊक.

खरं सांगू? माझेही असेच कागद गुहागरला कपाटात आहेत. बाहेर येताच बायकोला फोन केला, म्हटलं, फाडून टाक.

रविवारी मी स्वतः दूतावासात जाऊन तिच्या नावे रीतसर मुखत्यारपत्र करणार. माझी समजच गेली तर ते टिकेल का, हेही वकिलाला विचारणार. रजा मागितली तर मालक, आमचा अर्बाब, "इन्शाल्ला" म्हणाला. मी म्हटलं, रविवार नक्की.

तुमचा हात आज चालतोय ना? मग कशाची वाट बघताय?