'संशोधक' या रकान्यातलं नाव

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात एक विषय मी वर्षानुवर्षं चवीनं शिकवला: कारखानदारी नुकती सुरू झाली तेव्हाचे संशोधक आणि उद्योजक कोणत्या घरांतून आले? व्यापाऱ्यांची मुलं पुष्कळ, शिकलेल्यांची बरीच, लोहार-सुतारांची मात्र थोडी. "हातात कसब होतं, पण शिक्षण नव्हतं," असं मी ठासून सांगायचो. गेल्या महिन्यात, निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या तासाला एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, संशोधकांच्या या याद्या केल्या कुणी?"

मला एकदम कुंडल गावचे, जुन्या ओळखीचे मिस्त्री आठवले. धंदा लोहारकीचा, शाळा चौथीपर्यंत. रोपांसाठी उसाच्या कांडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो भाग, कोयत्यानं काढताना कितीतरी डोळे फुकट जातात, हे त्यांनी पाहिलं. जुन्या जीपच्या कमानपाट्यातून त्यांनी गोल पातं घडवलं, त्याला पायानं दाबायचा दांडा जोडला. डोळा अलगद बाहेर! मिस्त्री कागदाला कधी शिवले नाहीत. आकृती खडूनं फरशीवर काढायची, तिच्यावर लोखंड ठेवून माप जुळवायचं आणि काम झालं की झाडून टाकायचं. ती आकृती मी तरुणपणी हौसेनं कागदावर उतरवली आणि इस्लामपूरच्या शेती प्रदर्शनाला पाठवली. अर्जात 'संशोधक' या रकान्यात माझं नाव लिहिलं. आकृती मीच काढली होती ना! ज्याच्या हाती ससा तो पारधी. पेटंट त्याच कागदावर मिळालं, बढतीही. मिस्त्रींना मी साधं विचारलंही नाही.

त्या तासानंतर मला राहवेना. कुंडलला जाऊन मिस्त्रींची माफी मागितली.

ते हसले. "आवं सर, तुमचं नाव व्हतं म्हणून तर लोकांनी मशीन घेतलं. माझ्यावर कुणी इस्वास ठेवला असता?"

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. पण ते मनापासून बोलत होते, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"नात तुमच्याच कालेजात हाय," ते म्हणाले. "परवा सांगत व्हती, ह्ये मशीन आमच्या सरांनी शोधलं. म्या म्हणलं, व्हय, लय हुशार माणूस."

"तिला आत्ता बोलवा. मी खरं काय ते सांगतो."

"नगं सर. तिला तुमच्यावानी व्हायचंय."

आतून तिचा वाचण्याचा आवाज येत होता. मी चहा संपवला आणि तिला न भेटताच सांगलीला परतलो.