गुळवेलवाले गुरुजी

आमच्या कळंबचे गुळवेलवाले गुरुजी कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नसत. थेट 'जीभ दाखवा' म्हणत. जीभ कशीही असो, निदान ठरलेलं: "प्रतिकारशक्ती कमी पडलीय!" मग पिशवीतून काढ्याची बाटली निघायची. जन्मभर चौथीला गणित शिकवलेला हा माणूस. करोनाच्या साथीत गुळवेलीबद्दल कुठंतरी दोन ओळी वाचल्या आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला.

"झाडपाल्यानं कधी अपाय होत न्हाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. धोतराही झाडपालाच की, असं मी एकदा म्हणालो. "तू वर्गातबी असाच व्हतास," एवढंच उत्तर मिळालं.

माझी थोरली बहीण आक्का हीसुद्धा त्यांची विद्यार्थिनी. तिला आमवात. शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्या सांध्यांवर उठलेली, म्हणून ती दाबायच्या गोळ्या चालू. आणि हे दीडशहाणे तीच वाढवायला निघालेले! मी आक्काला सांगून दमलो. तिचं एकच: "गुरुजींला न्हाय कसं म्हणावं? छडी मारली तवा तरी म्हणले व्हते का?" चार महिने रोज अनशापोटी ती अर्धा पेला पीत राहिली.

मग तिचे डोळे पिवळे झाले. अन्न नकोसं झालं. गुरुजी खूश! "मळ निघायलाय अंगातला. आता दोन्ही टायमाला घे."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता?" गुरुजी खाटेशेजारीच उभे. आक्का म्हणाली, "न्हाय." त्यांचा मान राखायला ही बाई जिवावर उदार झाली होती. शेवटी काढ्याचं मीच सांगून टाकलं. "ते औषध कुठं हाय? पाला हाय!" गुरुजी खेकसले. यकृताला सूज होती. डॉक्टरांनी काढा तिथंच बंद केला. पुढं दोन महिने आम्ही जीव मुठीत धरून रक्त तपासत राहिलो, तेव्हा कुठं कावीळ उतरली.

इकडं गुरुजींनी गावभर केलं की आक्का वाचली ती काढ्यानंच. इतका निगरगट्ट माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांची किळस आली, अजून येते.

एका दुपारी ते शेजारच्या नव्या सुनेला घेऊन आमच्या दारात आले. तिच्या हातात बाटली. "इचार आक्काला, गुण येतो का न्हाय."

आक्का भिंतीला धरून उठली. सुनेच्या हातातली बाटली घेतली, मोरीत पालथी केली, विसळली आणि दोन्ही हातांनी गुरुजींपुढं धरली.

"गुरुजी, माझं मी पेले. हिला न्हाय पिऊ देणार."

आणि न वाकणारे गुडघे कसेबसे वाकवून ती त्यांच्या पाया पडली.