कुंकवाखालची खूण

सेहेचाळीस सालच्या दसऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी मालकाची जुनी लॉरी माझ्या हाताखाली निपाणीजवळ थरथरू लागली. संध्याकाळपर्यंत तंबाखू बेळगावात पोचली नाही तर माझी नोकरी जाणार होती. निपाणीच्या मिस्त्रीने मात्र मला एकाच उतारावरून तीनदा नेले. दर खेपेला गियर सोडून लॉरी नुसतीच उतरू द्यायला लावून तो डोळे मिटून पायाखालच्या फळीवर तळवा ठेवी.

"अहो, इंजिन उघडा की!" मी वैतागलो.

"गियर सोडला तरी थरथरतीयाच, मग इंजिनाला का बोल? मागची चाकं फिरवणारा शाफ्ट कुणी काढलाता?"

"मीच. खंडेनवमीला, धुऊन पूजेत ठेवायला."

"पूजा केलासा, पर बसवताना खूण न्हाय बघितली, अण्णा."

त्याने शाफ्ट उतरवला. जुळणीची खूण कुंकवाखाली होती. कुंकू पुसून त्याने खुणेला खूण जुळवून शाफ्ट पुन्हा बसवला. चौथ्या उतारावर लॉरी थरथरली नाही. साडेपाचला मी बेळगावात तंबाखू उतरवली.