काळ्या उंबराची टोपली

गिरणीचा संप लांबला आणि बाबा मुंबईहून घरी आले, तेव्हा मी महाडच्या कॉलेजात शिकत होतो. आमची वाडी पोलादपुराहून जाताना कापड्याच्या अलीकडे. भात शेतात उभं होतं, पण कणगीतलं संपलं होतं. दरवर्षी भादव्यातले असे दिवस आई उंबरावर काढायची.

उंबराची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाघोसांनी लगडतात. पिकली की आत चिलटं होतात, म्हणून हिरवी आणि घट्ट असतानाच काढायची. आई ती चिरून आतला भुसा खरवडायची, मिठाच्या पाण्यात उकडायची, चीक गेला की पाणी ओतून द्यायची आणि मिरचीवर परतायची. भाकरी अर्धी वाट्याला आली तरी या भाजीनं पोट भरायचं. वाडीतल्या सगळ्याच बायका उंबरं आणत. बापयेमाणूस मात्र उंबराखाली कधी दिसत नसे.

त्यात बाबा मुंबईकर. एरवी ते सुट्टीला आले की लोक वाटेत थांबवून त्यांच्याशी बोलत. त्या वर्षी मात्र कोणी "कदी जाणार परत?" विचारलं की ते काहीतरी निमित्त काढून ओटीवरून आत जात.

एक दिवस आई तापानं पडली. "मी आणतो उंबरं," बाबा म्हणाले. आमचं नेहमीचं झाड एसटीच्या थांब्याला लागूनच होतं. तिथे सगळ्यांच्या नजरा, म्हणून उजाडायच्या आधीच घोंगडी पांघरून ते वरच्या ओढ्याकडे गेले आणि टोपली भरून घेऊन आले.

सकाळी थोरली काकी आईची चौकशी करायला आली. चुलीपाशी टोपली होती. तिनं एक फळ उचललं आणि अंगठ्यानं चोळलं.

"अगो, ही काळी उंबरं! लव बघ कशी हाय. खाल्ली असतीत तर ओकून ओकून मेला असतात. कोणी आणली गो ही?"

टोपलीत एक पान अडकलं होतं. तिनं ते माझ्या हातावर घासलं. उंबराचं पान गुळगुळीत असतं. हे काळ्या उंबराचं, पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं. फळं दोन्ही झाडांना खोडावरच धरतात. काळोखात फरक कळला नव्हता.

बाबा ओटीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांची मान खाली गेलेली मला दारातून दिसली. मी पटकन म्हणालो, "मी आणली, काकी."

"तू रे? कॉलेजात काय नुसतं बाकडं तापवतोस? उद्या मास्तर झालास म्हंजे पोरांना हीच खायला घालशील!"

आई अंथरुणातूनच हसली. बाबा उठून आत आले. "तो नाय, वयनी. मी आणली."

काकीचं हसू थांबलं. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "भावजी, सुताला हात लावला की कुठलं ते कळतं ना तुम्हाला? तसाच पानाला हात लावायचा. येवढंच हाय."

मला वाटलं होतं, मी बाबांची अब्रू राखतोय. खरं तर बाबांनी उंबरं काढणं ही लपवायची गोष्ट आहे, असं मीच सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. बाबांनी ते तसंच ऐकलं, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

त्या दिवशी बाबा भर सकाळी थांब्याजवळच्या उंबराखाली गेले. आधी पान चोळून पाहिलं. मी वह्या घेऊन गाडीची वाट बघत उभा होतो.

"काय मुंबयकर, आज उंबरं?" वाटेवरून कोणीतरी विचारलं.

"व्हय, मार्केटात आलोय!" बाबा म्हणाले. तो माणूस हसला, बाबाही हसले. किती दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होतो.

मग कापड्याकडून एसटी आली. खिडक्यांत माझ्या वर्गातली मुलं होती. बाबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपली उचलली आणि खोडाच्या पलीकडे जाऊन रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी रोज घरातून निघताना "बाबा, येतो" म्हणायचो. ते शब्द तोंडाशी आले होते. कंडक्टर "चला, चला" म्हणाला आणि मी चढलो.

पुढे मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. ज्या माणसाच्या घामावर शिकलो, त्याला त्या सकाळी माझ्यासाठी झाडाआड व्हावं लागलं.

त्या संध्याकाळी ताटात उंबराची भाजी होती.

"गाडीत जागा मिळाली काय रे?" बाबांनी विचारलं.

"मिळाली," मी म्हणालो आणि मान वर न करता जेवलो.