कोऱ्या फॉर्मला कुलूप

माझी वहिनी डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिचा आवाज असा, की ज्यांना पाटी वाचता येत नाही तेही आवाजाच्या रोखाने बरोब्बर खिडकीशी पोचतात. वर्षभर तिचं दवाखान्याशी एकच भांडण चालू होतं आणि त्यात ती शंभर टक्के बरोबर होती. भांडणारा माणूस बरोबर असला की घरच्यांचे जास्तच हाल होतात, हे दादाला विचारा.

भांडण होतं कोऱ्या फॉर्मचं. शस्त्रक्रियेचा फॉर्म आता संगणकावर असतो. कोरा फॉर्म उघडायचा, माहिती भरायची आणि पेशंटच्या नावाने वेगळा सेव्ह करायचा. ही शेवटची पायरी जगातला प्रत्येक माणूस कधी ना कधी विसरतो. विसरला, की भरलेला फॉर्मच कोऱ्याच्या जागी जाऊन बसतो. पुढच्याने उघडावा, तर आदल्या पेशंटने आत बिऱ्हाड थाटलेलं!

एकदा अशाच गोंधळात एका बाईंचा फोन नंबर कोऱ्या फॉर्मवर चिकटून राहिला. बाई आल्या होत्या चष्म्याचा नंबर काढायला, त्यांच्यासाठी चुकून शस्त्रक्रियेचा फॉर्म उघडला गेला होता. पण मग येईल त्या पेशंटच्या शस्त्रक्रियेचा निरोप त्यांनाच जाऊ लागला, "उद्या सकाळी उपाशीपोटी या." बाई आज्ञाधारक. उपाशीपोटी यायच्या, परत जायच्या. शेवटी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अहो ताई, चष्म्यासाठी आणखी किती वाळायचं?"

सगळे हसले. वहिनी उठली ती थेट व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये.

व्यवस्थापकांना सगळे मागून 'विश्वासराव' म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नाही.

"साहेब, मूळ फॉर्मला कुलूप लावून घ्या. उघडला की त्याची प्रतच उघडली पाहिजे. संगणकवाला म्हणतो, चहा निवायच्या आत करून देतो."

"ताई, आपल्या माणसांवर विश्वास ठेवायला शिका."

"माणसांवर आहे. बोटांवर नाही."

"मी सूचना काढतो," साहेब म्हणाले. आणि काढली! 'सर्वांनी काळजीपूर्वक सेव्ह करावे.' ती दाराला डकवली. काळजीपूर्वक म्हणे! घरी येऊन वहिनी कुकरवर ओरडली, "उद्या म्हणतील, सर्वांनी काळजीपूर्वक आजारी पडावे!"

मग आले शिंपीकाका. म्हातारे, किडकिडीत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. उजव्या डोळ्यावर सुईत दोरा ओवत होते, म्हणजे उभं घर त्या एका डोळ्यावर चाललं होतं. त्या सकाळी सिस्टरने कोरा समजून फॉर्म उघडला. वर आधीच्या पेशंटचं नाव दिसलं, ते नेहमीच्या सवयीने खोडून काकांचं घातलं. वय बदललं, पत्ता बदलला. खाली 'कोणता डोळा' समोर 'उजवा' होतं. तो शब्द तिथे इतका ऐसपैस बसला होता, की त्याला कोणी हटकलंच नाही. रिकामी जागा निदान विचारते तरी, 'काय लिहू?' भरलेली जागा गप्प बसते आणि घात करते.

फॉर्म बघून सिस्टरने काकांच्या उजव्या भुवईवर पेनाने खूण केली. काका म्हणाले, "सिस्टर, खडू चुकीच्या कापडावर चाललाय. फाटकं ते पलीकडचं."

थोडक्यात निभावलं. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली. पण काका थट्टेखोर नसते, भिडस्त असते तर? डॉक्टरांना कळत असेल म्हणून गप्प पडून राहणारी माणसं काय थोडी आहेत?

साहेबांनी चौकशी केली. फाइल शेवटची कोणी सेव्ह केली ते संगणक सांगतो. त्याने सांगितलं, वहिनीने!

खरंच होतं ते. एका मास्तरीणबाईंचा, उजव्या डोळ्याचा फॉर्म भरत असताना खिडकीवर कोणी हाक मारली, हिचं बोट चुकीच्या जागी पडलं.

साहेबांचा चेहरा असा खुलला, जणू मुलगी चांगल्या घरी पडली! "म्हणजे ताई, दोष फॉर्मचा नव्हताच. माणूस सापडला, प्रश्न मिटला."

"मिटला? अहो, आत्ता तर सिद्ध झाला! फॉर्मवरून सगळ्यांशी भांडणारी मी. माझ्याकडून होतं, तर कोणाकडून होणार नाही?"

साहेबांनी मेमो हातात दिला. खाली दोन ओळी टाईप करून तयार: 'माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही.' सही केली नाही, तर खिडकीवरून उचलून सामानाच्या खोलीत बदली.

घरी दादा म्हणाला, "अगं, दोन ओळी तर आहेत. करून टाक सही."

"पहिलीवर करते. दुसरी खोटी आहे."

"सगळेच लिहितात तसं."

"म्हणून तर सगळं पुन्हा होतं!" मग ती माझ्याकडे वळली, "भाऊजी, तुम्ही बोला ना. एरवी तर फार लिहिता."

मी पोळीत तोंड घातलं. वहिनीच्या रागापुढे माझं लेखन उभं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरी ओळ खोडली आणि वर हाताने लिहिलं, 'कुलूप लावलं नाही, तर पुन्हा होईल. माझ्याकडून नाही तर दुसऱ्याकडून.' खाली सही. तो कागद तिने साहेबांआधी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. सुरी त्यांच्याच हातात असायची ना! बाईंनी वाचलं, हातमोजे काढले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन एवढंच म्हणाल्या, "कुलूप लागलं की शस्त्रक्रियेला बोलवा मला. मी बाहेर बसलेय."

बाकावर पेशंट, शेजारी डॉक्टर. संगणकवाला धावत आला. चहा निवायच्या आत काम झालं. वर्षभर जे 'तांत्रिकदृष्ट्या विचाराधीन' होतं, ते!

बदली टळली. वहिनीच्या फाइलीत 'उद्धट' असा शेरा मात्र पडला. साहेबांनी वर अहवाल पाठवला, 'माझ्या कल्पनेतून फॉर्म सुरक्षित केला. आता चुकीला वाव नाही.' कल्पना म्हणे यांची! मी संतापलो. दादासुद्धा संतापला, म्हणजे बघा.

वहिनी संतापली ती भलत्याच वाक्यावर. "वाव नाही? कुलूप कोऱ्या फॉर्मला लागलंय. पेशंटच्या नावाने ठेवलेला भरलेला फॉर्म अजून कोणीही उघडावा आणि काहीही बदलावं! त्याचं काय?"

"अगं, आत्ताच तर एक शेरा पडलाय," दादा म्हणाला.

"मग जागा आहे अजून त्या पानावर," वहिनी म्हणाली आणि डबा न घेताच बाहेर पडली.