डब्यावरचा तळहात

तेलगावच्या फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या चाचांना ऐकायला फार कमी येतं. उभा जन्म रिमवर घण मारण्यात गेला, कान तिथंच गेले. मोबाईलवरून पैसे आले की बोलणारा डबा त्यांच्याकडंही आहे, पण ते त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहतात. बोलताना डबा थरथरतो. थरथर हाताला लागली की म्हणतात, "आलं." त्याआधी नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण ते बघतसुद्धा नाहीत. "तसला फोटो कुनीबी दावतंय," म्हणतात.

त्या दुपारी आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, धाप लागली म्हणून मी त्यांना दिंद्रुडहून बीडच्या दवाखान्यात नेत होतो. तेलगावात चाक पंक्चर झालं. चाचांनी पंक्चर काढून चाक चढवलं, मी पैसे पाठवले. तरी गाडी जॅकवरच. तळहात डब्यावर, आणि डबा गप्प.

"चाचा, खात्यातून कट झालेत," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"डबा बोलला न्हाई."

खिशात रोख काहीच नव्हतं. मागच्या सीटवर आण्णांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि तो फक्त चाचांनाच ऐकू येत नव्हता. मी त्यांचं मनगट धरून ओढलं आणि तो काळा तळहात आण्णांच्या छातीवर ठेवला.

चाचा तसेच उभे राहिले. मग वाकले आणि जॅक सोडला.

"हितं लई थरथरतंय," ते म्हणाले. "जावा."

गाडी रस्त्याला लागल्यावर मी आरशात पाहिलं. तळहात परत डब्यावर होता.