गेटवरची बॉडी

मालकानं माझा दंड दोन बोटांत धरला आणि पाहुण्यांना दाखवला. "हे बघा आमचे बाउन्सर."

स्विमिंग पूलवरचे सगळे हसले. एक बाई म्हणाली, "याला आधी जेवायला द्या." मी हात सोडवून घेतला नाही.

लोणावळ्यातला बंगला. शनिवार-रविवार पार्ट्या. मी उर्से गावातून येऊन गेटवर उभा राहायचो.

"मला माणूस नको, भिंत पाहिजे," मालक म्हणाला. "जमत नसेल तर मागं भांडी घास."

त्यानंच एका जिमचा पत्ता दिला. तिथल्या ट्रेनरनं अंग फुगवायच्या इंजेक्शनची बाटली काढली. लेबल खरवडलेलं. "घाबरतो काय? समदेच घेत्यात." ढुंगणात सुई. मग दर आठवड्याला सुई.

अंग फुगलं. शर्ट खांद्यात उसवले. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढू लागले, मालक पाठ थोपटू लागला. मला बरं वाटायचं. आज त्याचीच जास्त चीड येते.

पाठभर पुटकुळ्या उठल्या. जिना चढताना धाप लागायची. मग सुईच्या जागी गाठ आली, गाठीत पू झाला, ताप चढला. आईनं पुवानं भिजलेली पँट बघितली.

"कुणासाठी टोचून घेतलंस रं?"



तळेगावला डॉक्टरीणबाईंनी गळू कापलं. बीपी बघितलं, परत बघितलं. तपासण्या केल्या. "लिव्हरला सूज आहे. हृदयावर ताण आलाय. ही सुई बंद. कायमची."

सुई बंद केली, तसं अंग ओसरलं. कामावर गेलो. मालकानं सगळ्यांसमोर मला खालून वर न्याहाळलं.

"हवा गेली काय रे? चालू कर परत. ट्रेनरशी मी बोलतो."

मी बोलतो, म्हणाला. म्हणजे याला सगळं माहीत होतं. बाटली, सुई, सगळं.

"सायेब, तुमी घ्या सुई," मी म्हणालो. "तुमच्या ढुंगणात. आन् तुमीच ऱ्हावा गेटवर हुबं."

कुणी हसलं नाही. मी निघालो.

जिम अजून चालू आहे. कान्हे-कामशेतची पोरं तिथं जातात. पोलिस चौकीत मी किती खेपा घातल्या. हवालदार दर वेळी तेच विचारतो, "तूच टोचून घेतलंस ना?"

व्हय. मीच घेतलं. ते पण लिहा. माझं नाव लिहा, ट्रेनरचं लिहा, आणि मालकाचंही लिहा. मालकाचं नाव आलं की हवालदाराचं पेन थांबतं.

थांबू दे. गळवाची जखम अजून भरली नाही, मला बाकावर बसता येत नाही. टेबलासमोर उभा आहे. ते नाव लिहून घेतल्याशिवाय हलणार नाही.